भाऊंच्या पाठीवरचा पेपर

आमच्या पेपरचा खप एक होता. एकच प्रत निघायची, आणि तीही कॉलेजच्या गेटाबाहेर, बस थांब्याजवळच्या कडुनिंबाला बांधलेली असायची. वाचक मात्र भरपूर. बसची वाट बघणाऱ्या माणसाला दुसरं काम नसतं, आणि आमच्याकडची बस वाट बघायला चांगला सढळ हाताने वेळ देते. मोठमोठ्या दैनिकांना जे जमत नाही ते आम्हाला त्यामुळे सहज जमायचं. लोक आमचा अंक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, आणि बस तरीही आली नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

गावाचं नाव सांगत नाही. आमच्या पेपरात नावं छापायची नाहीत असा नियम होता आणि मी तो अजून पाळतो. एका बाजूला पुसद, दुसऱ्या बाजूला उमरखेड, एवढं पुरे. पुसदचे लोक आम्हाला उमरखेडकडचे समजतात आणि उमरखेडचे लोक पुसदकडचे, त्यामुळे नाव सांगितलं तरी कुणाला फार फरक पडणार नाही.

कॉलेजात आधी एक अधिकृत भित्तिपत्रक होतं. ऑफिससमोरच्या भिंतीत काचेचं दार असलेली एक चौकट, दाराला कुलूप, किल्ली प्राचार्यांच्या टेबलात. आत वर्षभर 'पाणी हेच जीवन' हा विषय असायचा, फक्त शिक्षकदिनाला पाण्याच्या जागी गुरू यायचे. सगळ्यात वर प्रेरणा म्हणून प्राचार्यांचं नाव, त्याखाली मार्गदर्शक म्हणून प्राचार्यांचं नाव, मग संकल्पना, संयोजन, सहकार्य, आणि उरलेल्या जागेत पाण्याला चार ओळी. ते लिहून काढायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर चांगलं आहे. हे मी स्वतःच सांगतोय, कारण हल्ली हाताने लिहिलेलं कुणी बघत नाही, मग दुसरं कोण सांगणार?

आमच्या वर्गातली एक मुलगी एकदा त्या भित्तिपत्रकासाठी मजकूर घेऊन आली. मुलींच्या कॉमन रूमला बाहेरून कडी आहे, आतून नाही, असा तो मजकूर होता. प्राचार्यांनी तो चष्म्यावरून वाचला, चष्म्यातून वाचला आणि म्हणाले, "हा भित्तिपत्रकाचा विषय नव्हे. तुम्ही पाण्यावर लिहा."

ती म्हणाली, "सर, तिथं नळ पन नाई. पाण्यावर लिवलं तरी तेच लिवा लागते."

प्राचार्यांनी मजकूर परत दिला. मी तिथेच शाईची बाटली घेऊन उभा होतो, आणि मला पहिल्यांदाच आपल्या सुंदर अक्षराची लाज वाटली. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "आपण आपला वेगळा पेपर काढू." मला वाटलं होतं ती विचार करू म्हणेल. ती म्हणाली, "कवा?"

ही आमची संपादक. उमरखेड रोडवरच्या एका फाट्यावर उतरून आत बरंच चालत गेलं की तिचं गाव. गावातल्या विहारात संध्याकाळी म्हातारी माणसं जमायची आणि ही शाळेत असल्यापासून त्यांना पेपर वाचून दाखवायची. नुसत्या बातम्या नव्हे, निविदा, हरवले-सापडले, वधू पाहिजे, सगळं. काही गाळलं तर म्हातारे लगेच ओळखायचे. तिचे वडील गवंडीकाम करायचे; ते मागे दाराशी बसून ऐकायचे. इतकी वर्षं पेपर मोठ्याने वाचून तिचं एक मत झालं होतं. "पेपर म्हंजे ज्याच्यात आपल्या गावचं काई नसते ते," असं ती म्हणायची.

वेगळा पेपर काढायचा हे ठरलं, पण कशावर? कागद गेटाबाहेर लावला तर दुपारपर्यंत शेळ्या खातात. पाऊस आला तर शेळ्यांचीही गरज नाही. मार्ग काढला तो आमच्या तिसऱ्या मित्राने. तो तांड्यावरचा, आईला याडी म्हणणारा, आणि झाडावर चढून फ्लेक्स बांधण्यात तालुक्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सुट्टीत तो एका फ्लेक्सच्या दुकानात हेच काम करायचा. तो म्हणाला, "फ्लेक्सची मांगची बाजू कोरी असते. तिच्यावर लिवा."

आमच्याकडे फ्लेक्स म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला थोडं समजावून सांगायला हवं. मधोमध नेत्याचा हात जोडलेला फोटो, आणि खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या गोल गोल टिकल्या. त्या टिकल्यांना क्रम असतो आणि आकार असतो. एकाची टिकली दुसऱ्यापेक्षा बोटभर लहान आली की तो माणूस दुकानात येऊन उभा राहतो, आणि फ्लेक्स रद्द. वापरून झालेल्या फ्लेक्सला तर भारी मागणी. सोयाबीनच्या ढिगावर, गोठ्यावर, पडवीवर तो वर्षानुवर्षं चालतो. तालुक्यातल्या निम्म्या शेळ्या कुठल्या ना कुठल्या नेत्याच्या छत्राखाली सुखाने राहतात. पण रद्द झालेला फ्लेक्स दुकानदाराला बाहेर काढता येत नाही. तो कुठे दिसला तर ज्याची टिकली लहान होती तो पुन्हा भांडायला येणार. तसले फ्लेक्स दुकानामागच्या खोलीत गुंडाळी करून पडलेले असायचे.

दुकानदाराने ते आम्हाला आनंदाने दिले. अट एकच. "समोरची बाजू कोनाले दिसली नाई पाह्यजे," तो म्हणाला. "दिसली त माहं दुकान उठलं समजा."

आम्हाला तर समोरच्या बाजूशी कर्तव्यच नव्हतं. आम्ही पाठकोऱ्या बाजूवर ब्रशने काळ्या ऑईल पेंटने लिहायला लागलो. चुकलं की थिनरने पुसायचं. थिनरचा वास डोक्यात जायचा, त्यामुळे चुका जास्त झाल्या की आमचं संपादक मंडळ उगाचच हसत सुटायचं. त्या काळातले अग्रलेख जरा मोकळे वाटतात ते त्यामुळे.

पेपरच्या नावावर आमचं कधीच एकमत झालं नाही. पहिल्या अंकात वर नावासाठी जागा कोरी सोडली होती, ती पुढेही तशीच राहिली. लोक त्याला 'उलटा पेपर' म्हणायला लागले आणि आम्ही तो वाद सोडून दिला. नावं न छापण्याचा नियम मात्र एका दमात पास झाला. माझे वडील तहसील कार्यालयात बाबू. त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, "काय करायचं ते कर, पण कुठं नाव येऊ देऊ नको. नोकरीच्या वेळी चौकशी होते." संपादकाचं कारण वेगळं होतं. ती म्हणाली, "समोरच्या बाजूले सगळी नावंच नावं हायत. मांगं तरी बातमी राहू द्या." हे कारण जास्त भारदस्त असल्यामुळे आम्ही तेच सगळ्यांना सांगायचो.

पहिल्या अंकात कॉमन रूमची कडी आली. प्राचार्यांनी अंक वाचला नाही असं ते म्हणाले, पण आठवड्याच्या आत दाराला आतून कडी बसली. आम्ही पुढच्या अंकात कडीचं अभिनंदन केलं.

असं सगळं बरं चाललं असताना दिवाळीच्या सुट्टीनंतर संध्याकाळची बस बंद झाली.

शेवटचा तास संपला की मिळणारी, उमरखेड रोडच्या फाट्याफाट्यावर थांबत जाणारी ही बस होती. खेड्यांतल्या मुली तिच्याच भरवशावर कॉलेजला यायच्या. पुढची बस फार उशिराची. हिवाळ्यात ती फाट्यावर पोचते तेव्हा मिट्ट काळोख असतो. फाट्यापासून गावापर्यंत वाटेत रानडुकरं असतात, आणि फाट्यावरच्या दारूच्या दुकानातून उठलेली माणसं असतात. रानडुकरं निदान बाजूला होतात.

संपादकाचे वडील रोज सायकल घेऊन फाट्यावर तिला आणायला उभे राहू लागले. पण संक्रांतीनंतर ते वणीकडे कामाला जाणार होते. तिकडे क्वार्टर बांधायचं मोठं काम निघालं होतं आणि असं काम सोडता येत नाही. घरी दुसरं कुणी आणायला जाणारं नव्हतं. त्यांनी तिला सांगितलं, "बस नाई त कालेज नाई. घरून फार्म भर अन् घरूनच परीक्षा दे." ते काही दुष्ट नव्हते. पेपर ऐकायला रोज दाराशी बसणारा माणूस दुष्ट कसा असेल? ते घाबरले होते, आणि घाबरलेला बाप फार थोडक्यात बोलतो.

तिने आम्हाला हे सांगितलं तेव्हा ती रडली वगैरे नाही. चिडली होती. आम्ही आगारात गेलो. तिथल्या साहेबांनी सांगितलं की त्या बसला प्रवासीच मिळत नाहीत. संपादक म्हणाली, "साहेब, मी प्रवासीच हावो ना." साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. त्यांचा विश्वास वेळापत्रकावर जास्त असावा.

मग आम्ही ठरवलं की पुढचा संपूर्ण अंक बसचा काढायचा, आणि असा मोठा काढायचा की रस्त्याच्या पलीकडून वाचता आला पाहिजे. दुकानामागच्या खोलीत सगळ्यात मोठा फ्लेक्स होता तो भाऊंच्या दिवाळी शुभेच्छांचा. भाऊ हे आमच्या तालुक्याचे भावी आमदार. मी शाळेत होतो तेव्हापासून ते भावी आहेत. त्या फ्लेक्सवर तालुका उपाध्यक्षाची टिकली शहर उपाध्यक्षाच्या खाली गेल्यामुळे तो रद्द झाला होता. भाऊंचा चेहरा मात्र झकास आला होता, दारापेक्षा मोठा, ओठ मिटून मंद हसणारा.

मजकूर संपादकाने लिहिला, मी रंगवला. कुठकुठल्या गावच्या मुली या बसने येतात, त्यातल्या कोण उशिराच्या बसने जातात आणि कोण यायच्याच बंद झाल्या, हे सगळं त्यात होतं. अगदी मधल्या रकान्यात एक वाक्य होतं: 'काही मुलींच्या घरून सांगण्यात आलं आहे की बस नाही तर कॉलेज नाही.'

मी म्हटलं, "काही मुली कशाला? सरळ लिही ना, संपादकाच्या घरून."

ती म्हणाली, "नावं नाई म्हंजे नाई. अन् बाबाले समजलं त त्याइले वाईट वाटन."

बांधायचं काम अर्थातच आमच्या तांड्यावरच्या मित्राचं. मोठा फ्लेक्स वाऱ्याने शिडासारखा फुगतो आणि दोर तोडतो, म्हणून बांधणारे त्याला जागोजागी अर्धचंद्राच्या आकाराच्या चिरा देतात. चिरेतून वारा निघून जातो. मित्राने ते काम मन लावून केलं. माझ्या एकाही अक्षराला धक्का लागू नये म्हणून त्याने फक्त रकान्यांमधल्या कोऱ्या जागा निवडल्या. मी त्याला शाबासकीही दिली. त्या चिरा पलीकडच्या बाजूला नेमक्या कुठे पडतात हे बघायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. आम्ही मागच्या बाजूची माणसं होतो, समोरच्या बाजूला आम्ही कधी बघतच नव्हतो.

फ्लेक्सची एक कड कडुनिंबाला आणि दुसरी कॉलेजच्या कंपाउंडच्या लोखंडी अँगलला बांधली. मजकूर रस्त्याकडे, भाऊ भिंतीकडे. सकाळभर थांब्यावरच्या लोकांनी अंक वाचला. एका म्हाताऱ्या बाईने मला तो मोठ्याने वाचून दाखवायला लावला आणि शेवटी "बराबर हाय" म्हणाली. मी फार खूश झालो.

दुपारी वारं सुटलं. कंपाउंडकडचे दोर तुटले आणि दाराचं फळकूट उघडावं तसा तो अख्खा फ्लेक्स कडुनिंबाभोवती फिरला आणि पलीकडे प्रवासी निवाऱ्याच्या पत्र्याला जाऊन अडकला. आता रस्त्याकडे भाऊ होते.

मुख्य चीर बरोबर भाऊंच्या ओठांवर पडली होती. वारा आला की खालचा ओठ बाहेर यायचा, तोंड उघडायचं. वारा थांबला की मिटायचं. आणि त्या दिवशी वारा चांगला लांबलचक भाषणाच्या बेतात होता. थांब्यावर गर्दी जमली. कुणीतरी म्हणालं, "भाऊ बोलून राह्यले." पाठीमागून एक पोट्टा म्हणाला, "आयकू त येत नाई." त्यावर एक वयस्कर गृहस्थ शांतपणे म्हणाले, "निवडणुकीत बी असंच हाय." सगळ्यांचे मोबाइल वर झाले. आमचा मित्र झाडावर चढून फ्लेक्स सोडवेपर्यंत तो व्हिडिओ पुसदला पोचला होता.

तासाभरात मोटारसायकलींचा ताफा कॉलेजात शिरला. पुढे तालुका उपाध्यक्ष, मागे शहर उपाध्यक्ष. या दोघांना एकत्र आणणारा तो तालुक्यातला पहिलाच फ्लेक्स असेल. भाऊंचं तोंड कुणी फाडलं, एवढंच ते विचारत होते. प्राचार्यांनी घाम पुसला आणि तिथल्या तिथे एक सूचना टाइप करून काचेच्या चौकटीत लावली. 'सदर वर्तमानपत्राशी महाविद्यालयाचा कोणताही संबंध नाही, पूर्वी नव्हता व पुढेही राहणार नाही.' इतके महिने आम्ही स्वतःला स्वतंत्र म्हणवत होतो, पण तसं लेखी कुणी दिलं नव्हतं. ते प्राचार्यांनी दिलं, सहीशिक्क्यानिशी. मी त्या सूचनेचा फोटो अजून जपून ठेवला आहे.

मग प्राचार्य आम्हाला म्हणाले, "भाऊंची माफी मागा आणि हा उपद्व्याप आजपासून बंद करा. नाहीतर तिघांच्या घरी पत्र जाईल."

पत्र गेलं तर माझे वडील आठवडाभर बोलले नसते, एवढंच. मित्राच्या याडीने पत्र कुणाकडून तरी वाचून घेतलं असतं आणि मित्राला चोपलं असतं. पण संपादकाच्या घरी पत्र गेलं असतं तर संक्रांतीचीही वाट बघावी लागली नसती. पेपर बंद म्हणजे बसचा विषय बंद, आणि तो बंद म्हणजे तिचं कॉलेज बंद. हे तिघांनाही कळत होतं. माफी मागायला आम्ही भाऊंच्या संपर्क कार्यालयाकडे निघालो.

कार्यालयात भाऊ खुर्चीत बसून मोबाइलमध्ये तोच व्हिडिओ बघत होते. संपला की पुन्हा लावत होते. बाजूला कार्यकर्ते उभे. तालुका उपाध्यक्ष म्हणाले, "पह्यले माफी मागा." आम्ही मागणारच होतो, तेवढ्यात भाऊंनी हात वर केला.

"माहं तोंड कोनं हालवलं?"

"वाऱ्यानं, भाऊ," मित्र म्हणाला. ते खरंच होतं.

भाऊंनी पुन्हा व्हिडिओ बघितला. त्यांच्या एकाही भाषणाला इतके व्ह्यूज मिळाले नव्हते, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं आणि बोलत कुणी नव्हतं. "पन मी बोलून काय राह्यलो?" ते म्हणाले. "लोकं हासून राह्यले, अन् मी काय बोलून राह्यलो तेच समजत नाई."

मी खाली मान घालून उभा होतो. संपादक म्हणाली, "बसचं बोलून राह्यले तुमी, भाऊ."

"कोन्त्या बसचं?"

"संध्याकाळची बस बंद झाली त्याचं. तुमच्या तोंडाच्या मांगं तीच बातमी लिवली होती. वारा आला का तुमचं तोंड उघडे, अन् तोंडात बस दिसे."

शहर उपाध्यक्षांनी तालुका उपाध्यक्षांकडे पाहिलं. मी मनातल्या मनात नोकरीचा फॉर्म फाडून टाकला. भाऊंनी व्हिडिओ थांबवला, दोन बोटांनी आपलं तोंड मोठं करून बघितलं, आणि बाहेर उलटलेल्या ओठावर खरोखर मागच्या बाजूची, चिरेशेजारच्या रकान्यातली काळी अक्षरं दिसत होती.

"म्हंजे मी बसचं बोललो," भाऊ म्हणाले.

"हाव, भाऊ."

"मंग हे आदी काहून नाई सांगतलं?" हे ते आम्हाला नाही, कार्यकर्त्यांना म्हणाले. त्यांनी तिथूनच आगाराला फोन लावला. "मी बोललो ते आयकलं नाई का तुमी?" ते म्हणाले. "सगळ्या तालुक्यानं आयकलं." पलीकडून काय उत्तर आलं ते समजलं नाही, पण भाऊ बराच वेळ समाधानाने हं हं करत होते.

फोन ठेवल्यावर ते एकदम मवाळ झाले. चहा आला. ते म्हणाले, "तुमी असं मांगं कायले लिवता? नवा फ्लेक्स देतो मी दर महिन्याले. समोरून लिवा, मस्त रंगीत. माहा फोटो एका कोपऱ्यात टाका, बस."

मला सांगायला लाज वाटते, पण मला ती कल्पना आवडली होती. रंगीत अक्षरं, नवा फ्लेक्स, थिनर नको. मी हो म्हणायला तोंड उघडलंच होतं. संपादक म्हणाली, "नोको, भाऊ. आमाले मांगूनच बरं हाय."

मी तिच्या पायावर पाय दिला. तिने पाय काढून घेतला.

"काहून?" भाऊंनी विचारलं.

"समोर जागा नाई पुरत, भाऊ. समोर लोकं लय असतात."

भाऊंनी भिंतीवरच्या आपल्याच एका फ्लेक्सकडे पाहिलं, त्यावरच्या टिकल्यांकडे पाहिलं, मग समोर उभ्या असलेल्या टिकल्यांच्या मालकांकडे पाहिलं आणि खो खो हसले. "हे त खरं हाय," ते म्हणाले. "मलेच नाई पुरत."

भाऊच खूश म्हटल्यावर प्राचार्यांनी पत्राचं आणि बंदीचं पुन्हा नाव काढलं नाही, आणि संक्रांतीच्या आधी बस सुरू झाली. पहिल्या दिवशी थांब्यावर नवाकोरा फ्लेक्स होता: 'अखेर भाऊंनी शब्द पाळला.' कुठला शब्द, कधी दिला होता, कुणाला? माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं पुढचा अंक यावरच काढू, सगळं उघड करू. संपादक बसच्या खिडकीत बसली होती. ओठ फाटलेला तो बसचा फ्लेक्स तिने घडी करून मांडीवर घेतला होता, कारण दुकानदाराला आता तो डोळ्यांसमोरही नको होता. ती म्हणाली, "तू चीड तिकडं. मी चालली घरी." बस सुटली आणि मी थांब्यावर एकटाच चिडत उभा राहिलो. भाऊंचा तो नवा फ्लेक्स उतरला तेव्हा आम्ही त्याच्याच पाठीवर पुढचा अंक काढला, म्हणजे अगदीच काही हातातून गेलं नाही.

आम्ही बाहेर पडलो तरी पेपर चालू राहिला. दरवर्षी कुणी ना कुणी चांगल्या अक्षराचं आणि कुणी ना कुणी झाडावर चढणारं सापडतं. आता अंक बांधला की त्याचा फोटो गावोगावच्या ग्रुपवर जातो. चिरा देताना मात्र आधी फ्लेक्स उलटून बघायचा, असा नवा नियम झाला आहे. संपादक आता यवतमाळला एका दैनिकात काम करते. वाढदिवसाच्या दिवशी नेत्याचं शुभेच्छांचं पान सगळ्यात वर येतं आणि बातम्या त्याच्या मागे जातात, तेव्हा तिचा मला फोन येतो. "पाह्यलं का," ती म्हणते, "आपला पेपर पुढं होता."

मागच्या हिवाळ्यात ती सुट्टीवर गावी आली होती म्हणून मी तिच्या घरी गेलो. वडील आता कामाला जात नाहीत. पडवीत खाटेवर पडले होते. मला बघून म्हणाले, "ये, इथं आडवा हो." मला वाटलं, थकलेला दिसतो म्हणून म्हणत असतील. मी खाटेवर त्यांच्या शेजारी आडवा झालो, वर पाहिलं, आणि डोळ्यांसमोर माझंच अक्षर होतं.

पडवीवर तोच फ्लेक्स होता. गुळगुळीत बाजूवरून पाणी ओघळून जातं म्हणून भाऊ आभाळाकडे तोंड करून होते आणि आमचा अंक खाली, खाटेकडे. चिरांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले होते. अक्षर थोडं उडालं होतं, पण वाचता येत होतं. काकांनी काठी उचलली आणि मधल्या रकान्यावर टेकवली. "हे पाह्य. 'काई मुलींच्या घरून सांगन्यात आलं हाय.' हे मी."

मी म्हटलं, "माहीत आहे, काका."

"मले माईत नोतं. वणीले जायाच्या आदल्या दिवशी हे वर टाकलं अन् खाली लेटून वाचलं, तवा समजलं. म्या घरात बोललेलं गेटावर टांगलं होतं हिनं." त्यांनी काठी खाली ठेवली. "त्याच दिवशी तिले सांगतलं, बस राहो का नोको राहो, कालेज सोडाचं नाई."

हे मला माहीत नव्हतं. ती बस तर होळीनंतर पुन्हा बंदच झाली होती. तेव्हा ती कॉलेजच्या गावात मावशीकडे राहून कॉलेज करायला लागली, आणि तरीही मी इतकी वर्षं समजत होतो की भाऊंच्या एका फोनवर तिचं शिक्षण झालं. मला एकदम भरून आलं, आणि खाटेवर आडव्या माणसाला भरून आलेलं लपवायला जागा नसते. मी माझ्या अक्षराकडे बघत राहिलो.

तेवढ्यात ती चहा घेऊन आली. म्हणाली, "झालं का बाबाचं दाखवून? जो कोनी आला का त्याले खाटेवर लेटवतात. परवा ग्रामसेवकाले लेटवलं."

"मंग," काका म्हणाले, "पेपरात आलो हावो मी." मग माझ्याकडे वळून जरा नाराजीने म्हणाले, "पन नाव टाकाले पाह्यजे होतं. नाव टाकलं असतं त असं एकाएकाले सांगा नसतं लागलं."

मी म्हटलं, "काका, पुढं कधी हे लिहिलं तर नाव नक्की टाकतो."

हे लिहायला घेतलं तेव्हा मी तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "नियम म्हंजे नियम." तेव्हा काका, रागावू नका. इथेही तुम्ही 'काही मुलींच्या घरून'च.